हलक्या हाताचं पॅकिंग

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की गॅरेजमध्ये पहिलं नाव निघतं ते चेंबरच्या पॅकिंगचं. यात नवल नाही. चेंबर इंजिनच्या अगदी तळाशी असतो. वर कुठूनही तेल सुटलं तरी ते ब्लॉकच्या अंगावरून ओघळत चेंबरच्या कडेपर्यंत येतं, तिथे साचतं आणि तिथूनच टपकतं. मग सगळं खापर चेंबरवर फुटतं. चेंबर उतरतो, नवं पॅकिंग बसतं, त्यावर सिलिकॉनचा जाड थर चढतो, पैसे दिले जातात आणि काही दिवसांनी डाग पुन्हा हजर. मग ‘अजून थोडं आवळू’ म्हणून पाना फिरतो, आणि तोवर धड असलेला जोडही गळू लागतो.

चेंबरची गळती ताकदीने थांबत नाही, हे मला या प्रकरणात ठामपणे सांगायचं आहे. ती थांबते ती आधी नीट शोधल्याने, मग दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट केल्याने, आणि शेवटी पाना वेळेवर थांबवल्याने. बिघाड छोटा आहे आणि पॅकिंगही तुलनेने स्वस्त असतं. पण हे काम घाईने केलं तर इंजिनाचं जे नुकसान होतं ते मोठं असतं.

आधी चेंबरमध्ये काय चालतं ते पाहू. क्रँकशाफ्टच्या खाली बोल्टांनी लावलेलं हे भांडं. साध्या मोटारीत त्यात तीन ते पाच लिटर तेल मावतं. ऑइल पंप एका जाळीतून तेल वर खेचतो, फिल्टरमधून पुढे ढकलतो आणि ते बेअरिंगांपर्यंत, कॅमशाफ्टपर्यंत पोहोचतं. या वाटेवर तेलाचा दाब साधारण दोन ते चार बार असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका किंवा त्याहून जास्त. काम झालं की तेच तेल कुठल्याही दाबाशिवाय भिंतींवरून ओघळत चेंबरमध्ये परत येतं. म्हणजे पंपाचा दाब चेंबरच्या पॅकिंगवर कधीच येत नाही. त्याला फक्त उडणारे शिंतोडे, ओघळणारं तेल आणि क्रँककेसमधली हवा अडवायची असते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. बहुतेक इंजिनांत तेलाची पातळी चेंबरच्या वरच्या कडेच्या खालीच असते. तशी ठेवावीच लागते, कारण फिरता क्रँकशाफ्ट तेलात बुडाला तर तेल घुसळून फेसाळेल. याचा अर्थ असा, की गाडी सपाट जागी उभी असताना पॅकिंगजवळ तेल उभं नसतं. पॅकिंग खरोखर गळत असेल तर ते इंजिन चालू असताना ओलं होतं, बंद केल्यावर थोडा वेळ थेंब पडतात आणि मग थांबतात. पण गाडी रात्रभर उभी आहे आणि पहाटेपर्यंत त्याच संथ लयीत थेंब पडतच आहेत, तर संशय पातळीच्या खालच्या जागांवर घ्यावा: ड्रेन बोल्ट, त्याचा वायसर, चेंबरला गेलेली बारीक चीर, किंवा गंजून झालेलं भोक. उतारावर उभी गाडी मात्र याला अपवाद. तिथे तेल एका टोकाला जमतं आणि त्या बाजूचं पॅकिंग बुडून राहतं. उतारावरच गळते आणि सपाटीवर गळत नाही, अशी तक्रार असेल तर पॅकिंगचं कोणतं टोक पाहायचं ते निम्मं कळलंच.

रात्रभराची ही गळती किरकोळ वाटते, पण हिशोब करून पाहा. मिनिटाला एक थेंब धरला तर दहा तासांत सहाशे थेंब. एका मिलिलिटरात तीस-चाळीस थेंब धरले तर रात्रीला पंधरा-वीस मिलिलिटर, महिन्याला जवळपास अर्धा लिटर. बहुतेक गाड्यांच्या डिपस्टिकवर खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एका लिटरचं अंतर असतं. म्हणजे दोन महिने डिपस्टिक काढून पाहिली नाही, तर वरच्या खुणेपर्यंत भरलेलं तेल खालच्या खुणेवर आलेलं असेल.

आता शोध. सर्वांत आधी, टपकतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, हे पाहावं. गाडीखाली रात्री एक स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनने आखून घ्याव्यात, म्हणजे डाग इंजिनच्या कोणत्या भागाखाली पडला ते सकाळी कळतं. नितळ पाणी असेल तर तो एसीचा निचरा, त्याची काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. इंजिन ऑइल मधासारख्या रंगापासून काळ्यापर्यंत काहीही असू शकतं.

इंजिन ऑइल ठरलं, की वरून खाली पाहत यायचं. हा क्रम सोडू नये. टॅपेट कव्हरची कड, विशेषतः मागची, जिथे हात पोहोचत नाही आणि आरसा लागतो. ऑइल प्रेशर स्विच. हा लहानसा भाग थेट दाबाच्या वाटेवर बसलेला असतो, म्हणून तो फुटला की भराभर गळतो आणि ब्लॉकची एक बाजू पूर्ण भिजवतो. ऑइल फिल्टरचं बूड. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला गेला, तर तेल धो धो वाहतं. मग टायमिंग कव्हर, पुढचं क्रँक सील, आणि मागच्या बाजूला इंजिन व गिअरबॉक्स जिथे जुळतात ती जागा. तिथे खालच्या छिद्रातून तेल येत असेल तर मागचं क्रँक सील गेल्याची शक्यता असते. पण चेंबरच्या पॅकिंगचं मागचं टोक आणि टॅपेट कव्हरची मागची कड, दोन्हींचं तेल तिथेच येतं. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेवढा खर्च करण्याआधी बाकीच्या दोन जागा कोरड्या आहेत याची खात्री करून घ्यावी.

चिखल-तेलाच्या जुन्या थराखाली काहीच दिसत नाही, म्हणून इंजिनचा तो भाग डिग्रीझरने धुवून पूर्ण कोरडा करणं हीच शोधाची खरी सुरुवात. त्यानंतर एक जुनी, साधी युक्ती आहे: ब्लॉक आणि चेंबर यांच्या जोडावर, वरच्या भागावरही, टाल्कम पावडर फुंकायची. पांढरा थर बसला की दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं, मग बॅटरी घेऊन खाली पाहायचं. पावडरीत तेलाची रेघ करड्या रंगात स्पष्ट उमटते, आणि ती रेघ वरच्या दिशेने शोधत गेलं की उगम सापडतो. रेघ चेंबरच्या जोडाच्या वरून येत असेल तर पॅकिंगला हात लावू नये. जोडापासूनच सुरू होत असेल तर दोष तिथला. गळती फारच सूक्ष्म असेल तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. काही दिवस गाडी चालवून अंधारात अतिनील दिव्याखाली पाहिलं की तो पिवळा-हिरवा उजळतो. एक लक्षात ठेवावं: चालत्या गाडीत समोरचा वारा तेल मागे लोटतो. डाग मागे आणि दोष पुढे, असं सर्रास होतं.

शोधाच्या या टप्प्यावर आणखी एक तपासणी करायलाच हवी, आणि ती गॅरेजमध्ये बरेचदा राहून जाते. पिस्टनच्या रिंगांमधून जळका वायू थोडासा खाली निसटतोच. पूर्वी तो एका उघड्या नळीने रस्त्यावर सोडला जायचा. धुरक्याने त्रासलेल्या कॅलिफोर्नियात 1961 सालच्या गाड्यांपासून तो झडपेतून परत इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था आली, आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. ही झडप म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. ती ठीक असेल तर क्रँककेसमध्ये किंचित ओढ असते आणि तेल आतच राहतं. ती कचऱ्याने तुंबली, किंवा रिंगा झिजून गॅरेजच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारू लागल्या, तर आतली हवा फुगते आणि जिथे फट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलते. अशा इंजिनाला कितीही महागडं पॅकिंग बसवा, ते गळणार. तपासणी सोपी आहे: पेट्रोल इंजिन संथ चालू असताना तेल भरायचं झाकण काढून तिथे कागदाचा तुकडा धरावा. कागद हलकेच ओढला गेला तर ठीक. तो उडत असेल, धूर भसाभसा येत असेल, तर आधी व्हॉल्व्ह आणि नळ्या बघाव्यात.

जुन्या अ‍ॅम्बॅसडरचं उदाहरण इथे बोलकं आहे. कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात बनणाऱ्या या गाडीत कित्येक वर्षं 1489 सीसीचं ब्रिटिश बी-सीरिज इंजिन होतं. त्यात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर आट्यासारखी एक मळसूत्री खाच कोरलेली असे. शाफ्ट फिरला की ती खाच बाहेर येऊ पाहणारं तेल आत परतवून लावी. इंजिन चालू असेपर्यंत आणि क्रँककेसची हवा फुगलेली नसेपर्यंत हे छान चाले. गाडी उभी केली की एखाददुसरा थेंब पडायचाच. त्या थेंबासाठी चेंबरचं पॅकिंग पुन्हा पुन्हा बदलणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवणं होतं. इंजिनाची रचना ठाऊक असलेला मिस्त्री ब्रीदर, म्हणजे क्रँककेसची हवा सोडणारी नळी, साफ करून गाडी परत देई, आणि तेच बरोबर होतं.

कुर्ल्यात बनणारी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर यांच्या पिढीत चेंबरला बुचाचं पॅकिंग असे. पोर्तुगालच्या बाजूला वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची ही साल. 1665 साली रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप पाहिला आणि त्यातल्या कप्प्यांना पेशी हे नाव दिलं. जीवशास्त्रातला हा प्रसिद्ध प्रसंग आहे, पण मोटारीच्या कारागिराला त्याच कप्प्यांचा उपयोग वेगळ्या कारणाने झाला. कप्पे हवेने भरलेले असतात, म्हणून बूच दाबलं की ते बाजूला फारसं पसरत नाही, जागच्या जागी आकसतं. रबर दाबलं तर बाजूला सुटतं. पत्र्याच्या वाकड्यातिकड्या कडेवर बूच म्हणूनच बरं बसे. दोष असा, की साठवणीत ते सुकून आखडतं, छिद्रं जुळत नाहीत, आणि उष्णतेने कालांतराने ठिसूळ होतं. जुने मिस्त्री बसवण्याआधी सुकलेलं पॅकिंग थोडा वेळ पाण्यात ठेवत. ते पुन्हा पसरून मापात येई.

पुढे घडीव रबर आलं. कुकरची रिंग जशी वर्षभरात दबून चपटी आणि कडक होते आणि मग शिट्टीऐवजी कडेने वाफ सोडते, तेच इंजिनाच्या पॅकिंगचं होतं, फक्त सावकाश. चेंबरमधलं तेल नव्वद-शंभर अंशांच्या आसपास तापतं. वर्षानुवर्षं दाबाखाली तापलेलं रबर उसळी मारणं विसरतं. ते काढून हातात घेतलं तर चपटी, चकचकीत आणि कडक पट्टी निघते, वाकवली की मोडते. अशा पॅकिंगवर बोल्ट कितीही आवळा, उसळी परत येत नाही. चांगल्या प्रतीच्या आधुनिक पॅकिंगांत पोलादी पत्र्याचा गाभा असतो आणि बोल्टच्या छिद्रांत धातूच्या छोट्या नळ्या बसवलेल्या असतात. पाना फिरवता फिरवता त्या नळ्या टेकल्या की रबर त्याहून जास्त दबूच शकत नाही.

आजच्या बऱ्याच इंजिनांत तर पॅकिंगच नसतं. कारखान्यात यंत्राने सिलिकॉनची एकसारखी रेघ ओढतात आणि चेंबर चढवतात. हे सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने पिकतं. डब्यावर लिहिलेले तास साधारण 23 ते 25 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता धरून असतात. म्हणून कोकणात जुलैमध्ये वरची साय लवकर धरते आणि चेंबर चढवायला वेळ कमी मिळतो. नाशिककडच्या डिसेंबरातल्या थंड, कोरड्या हवेत तेच सिलिकॉन आतून पिकायला जास्त वेळ घेतं. साधारण 24 तासांत दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत ते पिकतं. संध्याकाळी गाडी हवी म्हणून दोन तासांत तेल भरून देणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन कोमट असताना तेल काढावं, म्हणजे ते पातळ असतं आणि पूर्ण निथळतं. गाडी उचलल्यावर घोडीवर टेकवल्याशिवाय खाली शिरायचं नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली माणसं जीव गमावतात. या बाबतीत मी कुणाचंही ‘दोन मिनिटांचंच काम आहे’ ऐकून घेत नाही. हातमोजे घालावेत, कारण वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला घातक असतं.

सगळे बोल्ट काढूनही चेंबर सुटत नाही, हा नेहमीचा अनुभव. मग पेचकस खुपसून उचकटण्याचा मोह होतो. पत्र्याचा चेंबर असेल तर कड वाकते, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्यावर खोल ओरखडा पडतो; पुढची गळती नेमकी त्या ओरखड्यातून होते. पातळ, रुंद पाती हळूहळू जोडात सरकवून सिलिकॉन कापत जायचं आणि रबरी हातोडीने कोपऱ्यांवर टकटक करायची.

चेंबर हातात आला की तो उलटा करून एखाद्या सपाट जाड काचेवर ठेवावा आणि पलीकडून बॅटरीचा झोत टाकावा. अति आवळलेल्या पत्र्याच्या चेंबरचं सगळं तिथे दिसतं. प्रत्येक बोल्टच्या छिद्राभोवतीचा पत्रा पॅकिंगच्या दिशेने फुगून आलेला असतो, एखाद्या बोटाने मागून दाबल्यासारखा. तेवढेच उंचवटे काचेला टेकतात, आणि दोन बोल्टांच्या मधून प्रकाशाची पातळ फट आरपार येते. तेल बाहेर येत होतं ते त्या फटीतून. बोल्ट जितका आवळला तितका छिद्राजवळचा पत्रा पुढे आला आणि मधला भाग पॅकिंगपासून दूर गेला. फीलर गेज त्या फटीत सरकवलं की ती किती आहे ते कळतं. इलाज साधा आहे: कडेखाली सपाट लोखंडी किंवा कठीण लाकडी ठोकळा धरून, गोल डोक्याच्या हातोडीने ते उंचवटे हलक्या ठोक्यांनी मागे बसवायचे, मध्ये मध्ये काचेवर ठेवून पाहायचं. अर्ध्या तासाचं काम. हे न करता नवं पॅकिंग बसवणं म्हणजे नवं पॅकिंग फुकट घालवणं. अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव चेंबर मात्र ठोकून सरळ होत नाही, तो तडकतो.

पृष्ठभाग साफ करताना जुना सिलिकॉन प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढावा. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या काम झटपट करतात, पण त्यांची सूक्ष्म धूळ अतिशय कठीण असते. ती उघड्या इंजिनात उडून तेलात मिसळली तर बेअरिंगं खाते. शेवटी ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करायचं. इथे एक अडचण येते. चेंबर उतरवल्यावरही क्रँकशाफ्टवरून आणि वरच्या वाटांतून तेलाचे थेंब तासन्‌तास ब्लॉकच्या कडेवर येत राहतात, आणि तेलाच्या पापुद्र्यावर सिलिकॉन धरत नाही. शक्य असेल तर इंजिन रात्रभर निथळू द्यावं, आणि पुसण्याचं शेवटचं काम चेंबर चढवायच्या अगदी आधी करावं. बोल्टची छिद्रंही आतून पुसावीत. तळ बंद असलेल्या छिद्रात तेल साचलेलं असेल तर बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं. पाना घट्ट झाल्यासारखा वाटतो पण चेंबर आवळला गेलेला नसतो, आणि जोर लावला तर ओतीव भाग तडकूही शकतो.

रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं. त्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन फासलं की ते वंगणासारखं काम करतं आणि आवळताना पॅकिंग सरकून बाहेर येतं. सिलिकॉनचा वाटाण्याएवढा ठिपका फक्त तिथे द्यायचा, जिथे तीन भाग एका जागी भेटतात: टायमिंग कव्हर आणि ब्लॉकचा सांधा, मागच्या बेअरिंग कॅपचे कोपरे. पॅकिंगच्या बहुतेक खऱ्या गळत्या याच कोपऱ्यांतून होतात. पॅकिंग नसलेल्या इंजिनावर सुमारे तीन मिलिमीटरची अखंड रेघ पुरते, बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने. जाड रेघ जास्त सुरक्षित वाटते, पण आवळल्यावर जादा सिलिकॉन जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. पिकल्यावर त्याच्या अळ्या सुटतात, तेलात फिरतात आणि पंपाच्या जाळीवर चिकटतात. जाळी तुंबली की तेलाचा दाब पडतो, आणि मग बेअरिंगं जातात. बाहेरून एक थेंबही न गळणाऱ्या इंजिनाचा घात असा आतून होतो.

अवजड चेंबर वर धरून पॅकिंग जागेवर ठेवणं एकट्याला जड जातं. दोन-तीन ठिकाणी पॅकिंग चेंबरला बारीक सुती दोऱ्याने बांधून ठेवतात; डोकी कापलेले दोन लांब बोल्ट ब्लॉकमध्ये हाताने फिरवून त्यावर चेंबर सरळ चढवला तर अजून सोपं. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावून घ्यायचे.

आणि मग पाना. चेंबरला सहसा सहा मिलिमीटरचे बोल्ट असतात, डोक्याला दहाचा पाना. त्यांचा टॉर्क बहुतेक ठिकाणी 8 ते 12 न्यूटन-मीटर. हाताला हे किती? पंधरा सेंटिमीटरच्या रॅचेटच्या टोकाला सुमारे सात किलोचा जोर, इतकंच. पण आट्यांची करामत अशी, की एवढ्या जोरात एकेक बोल्ट ढोबळमानाने आठशे किलोच्या ताकदीने चेंबर ब्लॉकवर दाबतो. अठरा बोल्ट असतील तर मिळून चौदा टनांच्या घरात. चार-पाच लिटर तेल अडवायला याहून अधिक काय हवं? म्हणून टॉर्क पाना वापरावा, आणि तो नसेल तर आखूड रॅचेट मधोमध धरून मनगटाने फिरवावा, खांद्याने नाही. आवळणं मध्यापासून दोन्ही टोकांकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. बुचाचं पॅकिंग दबून खाली बसतं, म्हणून काही दिवसांनी ते एकदा हलकेच आवळावं लागतं. पिकलेल्या सिलिकॉनच्या जोडाला मात्र पुन्हा पाना लावू नये. जोड हलतो आणि पकड सुटते.

काही गाड्यांत हे सगळं काम चेंबरपर्यंत पोहोचण्यापेक्षा सोपं ठरतं. सायलेन्सरचा पुढचा पाइप आडवा येतो, कुठे इंजिनखालचा सबफ्रेम उतरवावा लागतो आणि इंजिन वरून टांगून धरावं लागतं. बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडरी एन 52 इंजिनात क्रँककेससाठी मॅग्नेशियम वापरलेलं आहे. पोलादी बोल्ट आणि मॅग्नेशियम एकमेकांना भिडले की गंज पकडतो, म्हणून तिथे अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट असतात आणि ते एकदाच वापरायचे. जुनेच परत लावले तर तुटतात. अशा गाडीत पॅकिंग थोडक्या पैशांत येतं आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट होते. म्हणूनच गळती आधी पक्की शोधण्याचा आग्रह.

मजुरी ऐकून लोक ‘गळती बंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांकडे वळतात. त्यातली रसायनं आखडलेलं रबर थोडं फुगवतात आणि मऊ करतात. आखडलेल्या क्रँक सीलवर त्याने काही काळ फरक पडू शकतो. बुचावर, सिलिकॉनवर, वाकलेल्या पत्र्यावर त्यांचा काडीचा उपयोग नाही, आणि चेंबरच्या गळत्या बहुतेक याच जातीच्या असतात. बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन थापणंही तसंच. तेलकट पृष्ठभागावर ते धरत नाही, आणि पुढच्या मिस्त्रीचं खरवडण्याचं काम तेवढं वाढतं.

आपल्या रस्त्यांवर एक कारण मात्र नेहमी आधी तपासावं: चेंबर लागलेला आहे का? उंच गतिरोधक, पावसाळ्यातले खड्डे, घाटातला एखादा सुटा दगड. ठोका बसल्याने पॅकिंगची रेषा हलते, पण तेवढंच पाहून भागत नाही. चेंबरचा तळ आत दबला असेल तर पंपाच्या जाळीशी त्याचं अंतर कमी होतं आणि तेल ओढायला जागाच उरत नाही. ठोका बसल्यावर तेलाचा लाल दिवा क्षणभर जरी लागला तरी इंजिन त्याच क्षणी बंद करावं. असा चेंबर ठोकून सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा.

ड्रेन बोल्टचंही थोडक्यात सांगतो. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर एकदाच दबण्यासाठी असतो. दर तेलबदलाला नवा घालावा. तो न बदलता गळती थांबवायला बोल्ट आवळत गेलं की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. गेलेल्या आट्यांत तारेचा नवा आटा बसवून घेता येतो, चेंबर टाकून द्यावा लागत नाही.

प्रत्येक ओलसरपणा दुरुस्त करायलाच हवा असंही नाही. पंधरा वर्षांच्या गाडीच्या चेंबरच्या कडेला धूळ धरलेली काळसर ओल आहे, पण थेंब पडत नाही आणि डिपस्टिकवरची खूण दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये फारशी हलत नाही, तर मी तो जोड उघडणार नाही. पुढे क्लच बदलण्यासाठी किंवा दुसऱ्या मोठ्या कामासाठी गाडी उघडेल तेव्हा पॅकिंग बदलून घ्यावं. पण तेल तापलेल्या सायलेन्सर पाइपवर पडून जळका वास येत असेल तर थांबू नये, तिथे आगीचा धोका असतो. इंजिन माउंटिंगच्या रबरावर किंवा बेल्टवर तेल पोहोचत असेल तरीही नाही, कारण खनिज तेलाने ते रबर फुगून कुजतं आणि खर्च दुपटीने वाढतो. काम झाल्यावर पहिल्या दिवशी, मग आठवड्याने, मग पुढच्या तेलबदलाला जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहावा. काढलेलं जुनं तेल गटारात ओतू नये. ते डब्यात भरून, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावं.